नऊ फटींची आणि सात फटींची

आक्का,

परवा सुरतहून एक गृहस्थ तुझी गाडी बघायला आले होते. जुन्या अमेरिकन जीपगाड्या जमवण्याचा त्यांना नाद आहे. तुझ्या नितीनने त्यांना बोलावलं नव्हतं. तू गेल्याची बातमी नवापूरच्या कुणा ओळखीच्याकडून त्यांच्या कानावर गेली आणि ते आपणहून आले. तुझी दशक्रिया होऊन अजून धड पंधरवडाही झाला नाही. नितीनने मला फोन केला, मामा, तुम्ही या, मला त्यातलं काही कळत नाही. मग मी माझी गाडी घेऊनच नंदुरबारहून निघालो आणि तुझ्या खळ्यात, तुझ्या गाडीच्या शेजारी उभी केली.

त्या दोन गाड्या अशा शेजारी शेजारी कितीदा उभ्या राहिल्या असतील. मधे कमरेवर हात ठेवून तू उभी असायचीस. परवा मधे ते गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, या दोघींत नेमका फरक काय? तुम्ही सांगा, तुम्ही तर मोटार मेकॅनिक शिकवायचा.

मी सांगायला लागलो. आयुष्यभर आयटीआयच्या पोरांना शिकवलंय, तोंड आपोआप चालतं. माझी लढाईची, तुझी शेतीची. दोघी एकाच घरातल्या, लो बॉनेट, लांबून पाहिलं तर जुळ्या. माझ्या गाडीच्या पुढच्या जाळीला नऊ फटी आणि तुझीच्या जाळीला सात. माझे हेडलाइट बारके, आत दबलेले. तुझे मोठे, बाहेर आलेले. माझ्या हेडलाइटचा स्क्रू सैल केला की दिवा उलटा फिरतो आणि इंजिनावर उजेड पाडतो, म्हणजे सैनिकाला अंधारात दुरुस्ती करता यावी. माझ्या गाडीला मागे फाळका नाही, मागची बाजू बंद, तिथेच स्टेपनी टांगलेली. तुझीला मागे फाळका आहे, तो पाडून माल भरता येतो, म्हणून स्टेपनी बाजूला गेली. माझ्या गाडीत पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरला उठवून सीट उचलावी लागते. तुझीचं झाकण बाहेरून आहे. आणि चाकांकडे जाणारे गिअर. माझीचे पळण्यासाठी, तुझीचे ओढण्यासाठी.

ते मान डोलवत होते. मग माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "तुन्ही गाडी लढाईनी शे, मन्ही वावरनी." ते म्हणाले, काय? मी म्हटलं, माझी बहीण असं म्हणायची.

त्यांनी तुझ्या गाडीचं बॉनेट उचललं. आत काहीच नव्हतं. इंजिन बसवायच्या, माउंटिंगच्या चार जागा, एक कापडाने तोंड बांधलेला पाइप, आणि चिमणीने केलेलं गवताचं घरटं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, अरेरे, इंजिन कुणी काढलं?

नितीन जमिनीकडे बघत होता. तो तुझाच मुलगा, आक्का. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

*

तुला गाडी मी शिकवली, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो. दाजी अचानक गेले, नितीन अजून शाळेत होता, आणि तुझ्या सासऱ्यांनी घेतलेली ही जीप खळ्यात उभी होती. सगळे म्हणत होते विकून टाक. तू मला निरोप पाठवलास की ये आणि मला चालवायला शिकव. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. कालव्याच्या रस्त्यावर आपण जायचो. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे समोरून येणारा बैलगाडीवाला तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघून शिव्या द्यायचा. पहिल्या दिवशी तू गाडी पाटात घातलीस आणि उतरून साडीचा काष्टा नीट करत म्हणालीस, आता पाट कुठे आहे ते कळलं.

नंतर त्या गाडीत काय काय गेलं. केळीचे घड, पपई, खताच्या गोण्या, मिरचीची पोती. शहाद्याच्या दवाखान्यात निम्मं गाव तूच पोचवलं असशील. लोकांनी एकामागून एक आपल्या जीपमधली पेट्रोल इंजिनं काढून डिझेलची बसवली. तुला किती जणांनी सांगितलं, मीही सांगितलं. तू ऐकलं नाहीस. तुला त्या इंजिनाचा आवाज आवडायचा. म्हणून सगळ्या तालुक्यात मूळ इंजिन शिल्लक राहिलेली तुझी एकटीची गाडी.

माझी मला फार उशिरा मिळाली. अक्कलकुव्याच्या एका लाकडाच्या वखारीत ती गवतात पडली होती. मी जाळीवरच्या वेली बाजूला करून फटी मोजल्या, नऊ भरल्या, आणि पुन्हा मोजल्या. तुला त्याच संध्याकाळी दाखवायला आणली, टेम्पोत घालून. तू चारी बाजूंनी फिरलीस, मागून थाप मारलीस आणि विचारलंस, हिला फाळका नाही तर केळी कुठून भरायची?

हा आपला वाद. माझ्या बायकोला तो पाठ झाला होता. मी म्हणायचो, जगातल्या जमवणाऱ्या लोकांना विचार, लढाईची गाडी ती खरी गाडी, तुझी म्हणजे लढाई संपल्यावर शेतकऱ्यांना विकायला केलेली आवृत्ती. तू म्हणायचीस, मग सुधारलेली कुठली? तुला मी इतिहास सांगायचो आणि तू मला विचारायचीस की इतिहास चढावर किती वजन ओढतो.

एका वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत अवकाळी पाऊस झाला. घोडेबाजाराच्या मैदानात काळ्या मातीचा नुसता चिखल झाला आणि एका व्यापाऱ्याचा घोडे भरलेला टेम्पो रुतला. माझ्या गाडीत तेव्हा कामचलाऊ डिझेल इंजिन होतं. मी साखळी लावली, जोर केला, चाकं जागच्या जागी फिरली आणि माझीच गाडी खाली बसली. लोक हसले. मग तू आलीस. साखळी बांधलीस, खालचा गिअर टाकलास आणि ॲक्सिलरेटर जवळजवळ दाबलाच नाहीस. गाडी म्हातारी बाई चालावी तशी हळूहळू पुढे सरकली आणि टेम्पो तिच्यामागून बाहेर आला. आधी टेम्पो, मग मी. मी तुला सांगत होतो की हा गिअरच्या प्रमाणाचा फरक आहे, तुझ्या गाडीचे दातेच तसे आहेत. तू हातावरचा चिखल पुसत म्हणालीस, "मी घाई नही करी, बापू. इतलंच."

*

आणि मी तुझं इंजिन नेलं.

वडोदऱ्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. माझ्या गाडीचं सगळं जमलं होतं, रंग, सीटचं कापड, बाजूला कुऱ्हाड नि फावडं अडकवायचे पट्टे. फक्त पोटात डिझेल. तसलं इंजिन मला कुठेच मिळेना. मिळेना म्हणजे, एक ठिकाणी होतं.

मी तुझ्या ओट्यावर बसून तुला बराच वेळ समजावत होतो. दोन्ही गाड्यांचं इंजिन एकच आहे, फक्त ब्लॉकवरचा नंबर वेगळा. थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे. तोवर तुला माझं डिझेल बसवून देतो. तू गहू निवडत होतीस. डिझेल नको म्हणालीस, त्याचा धूर डोक्यात जातो. मग सूप बाजूला ठेवून इंजिन न्यायला सांगितलंस.

"लई जाय. आखाजीना पहिले परत लई येजो."

आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, तू माहेरी, आमच्याकडे यायचीस. स्वतः गाडी चालवत यायचीस. गावातल्या बाकीच्या लेकींना भाऊ आणायला जायचे. तुझ्या बाबतीत मला कधी जावं लागलं नाही, याचंही मला कौतुक होतं.

प्रदर्शनात परीक्षक होते एक वयस्कर गृहस्थ, स्वतः गाड्या जमवणारे. गाडीभोवती फिरताना ते खूष दिसले. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बॉनेटखाली वाकून नंबर वाचला आणि शांतपणे म्हणाले, शेतीच्या गाडीचं इंजिन आहे हे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेले. झालं. ज्यासाठी नेलं, त्यासाठी ते इंजिन उपयोगी पडलं नाही.

येताना नवापूरच्या घाटात गाडी तुझ्या इंजिनावर इतकी सुरेख चालली, आक्का. बायको म्हणाली, आता लगेच आक्कांचं बसवून देऊन टाका. मी हो म्हटलं.

आखाजी आली. मी तुला घ्यायला आलो, तुझंच इंजिन घातलेली माझी गाडी घेऊन. तू विचारलंस, मी म्हटलं गॅस्केट मिळालं की बसवतो. पुढच्या वर्षी म्हटलं इंजिन उचलायची चेनपुली मोडलीये. त्याच्या पुढच्या वर्षी तू विचारलंच नाहीस आणि मीही विषय काढला नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. मी रविवारी ती गाडी घेऊन फेरफटका मारायचो, लोक थांबून फोटो काढायचे, मूळ इंजिन आहे का विचारायचे आणि मी हो म्हणायचो. ते मूळच होतं. फक्त माझं नव्हतं.

मला जे आठवतं ते शहाद्याच्या रस्त्यावरच्या फाट्याचं. भर उन्हात तू उभी होतीस, डोक्यावर पदर, पायाशी बी-बियाण्याची पिशवी, एखादी काळीपिवळी मिळते का बघत. नितीन मोटारसायकलवर सोडायचा, पण तो आता शिक्षक, शाळेच्या वेळात कुठून येणार. मी तुला दुरून पाहिलं. खरं सांगतो, क्षणभर वाटलं की वळून जावं. तू गाडी ओळखलीस आणि हात केलास.

तू शेजारच्या सीटवर बसलीस. उजव्या बाजूला. गाडीत तुला त्या बाजूला बसलेलं पाहायची सवय मला अजून झाली नव्हती. तू इंजिनाकडे कान देऊन रस्त्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. बोललीस ते असं:

"टॅपेट वाजी ऱ्हायनात, बापू. मन्हाकडे व्हतं तवय वाजे नही."

त्यात राग नव्हता. पोरगी सासरी देऊन तिची तब्येत विचारावी तसं बोललीस. मी घरी जाऊन त्याच दिवशी इंजिनातली कटकट बंद होईतो टॅपेट नीट केले. इंजिन परत देण्याऐवजी टॅपेट नीट केले.

*

आता जे लिहायचं आहे, ते लिहायला मी चार वेळा बसलो आणि उठलो.

मागच्या हिवाळ्यात नितीनच्या फोनवरून कळलं की तुझे गुडघे फारच धरले आहेत आणि डाव्या पायात ताकद राहिली नाही. मी आलो. तू ओट्यावर खाटेवर बसली होतीस. पाय उशीवर. मी बायकोने दिलेले लाडू ठेवले, इकडचं तिकडचं बोललो आणि मग एकदाचं म्हणालो की या महिन्यात इंजिन आणून बसवतो, आता नक्की. तू माझ्याकडे बघितलंस, मग पायाकडे.

"मन्हा पायमा आते जोर नही, बापू. क्लच दाबास नही. तुनाकडेच ऱ्हाऊ दे."

आक्का, त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. पुढे वाटलं. रात्रंदिवस वाटलं. पण आधी, सगळ्यात आधी, मला हायसं वाटलं. आता इंजिन माझ्याकडेच राहणार, आणि तेही तुझ्या तोंडून. खांदे सैल पडलेले मला स्वतःला कळले. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मला लहानपणापासून तू बघत आली आहेस, तुझ्यापासून काय लपणार होतं. तू नजर काढून घेतलीस आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलंस. चहा आला. मी तो प्यायलो.

तू तेव्हा चिडली असतीस, पायरीवरून हाकलून दिलं असतंस, तर आज मला थोडं सोपं गेलं असतं. पण तू मला ते दिलंस, आणि माझ्या चेहऱ्यावरचं पाहिल्यावरही परत घेतलं नाहीस. त्याचे आभार मानायचे की त्याची लाज वाटून घ्यायची, हे मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही एकदम होतं.

तुझे पाय कशाने गेले, हे डॉक्टर वयावर घालतात. वय होतंच. पण त्या सगळ्या वर्षांत शेतापासून फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून घरापर्यंत तू चाललीस, ते कुणी त्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

*

सुरतच्या गृहस्थांनी शेवटी सांगितलं ते बरोबरच होतं. जमवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर लढाईची गाडी दुर्मीळ, तिच्यामागे लोक लागतात. शेतीची गाडी इंजिनासकट असती तर गोष्ट वेगळी. तशी ती इथे कुठेच उरली नाही. पण अशी रिकामी म्हणजे पत्रे, फाळका नि चाकं, दुसऱ्या गाडीला उपयोगी पडतील एवढीच. त्यांनी नितीनला सभ्यपणे विचारलं, सुटे भाग म्हणून द्याल का?

नितीन माझ्याकडे न बघता म्हणाला, विचार करून सांगतो. ते गेल्यावर मी त्याला म्हटलं, मी इंजिन परत बसवतो. तो खळ्यातल्या कडब्यावर बसला. म्हणाला, "आते कसाले, मामा?"

आता तू बसणार नाहीस, माझं देणं तुझ्यापर्यंत पोचणार नाही, हे मलाही कळतं. मी एवढंच म्हटलं की तुला ती सुट्या भागांत द्यायची असेल तर दे, तुझा हक्क आहे, पण आधी मला ती पुरी करू दे. तो उठला आणि आत जाऊन चेनपुली कुणाकडे मिळेल ते फोनवर विचारायला लागला.

माझ्या गाडीचं बॉनेट उघडताना मला वाटलं होतं की जीव तुटेल. तसं झालं नाही. बोल्ट एकेक करून सुटत गेले. निंबाच्या फांदीला पुली लावून आम्ही इंजिन उचललं. नितीनने घरट्यात अंडी नाहीत ना ते पाहून ते अलगद काढलं आणि गोठ्याच्या वळचणीला ठेवलं. तुझ्या गाडीत इंजिन उतरवलं तेव्हा चारही माउंटिंग जागच्या जागी बसली. काही ठोकावं लागलं नाही, घासावं लागलं नाही. माझ्या गाडीत बसवताना मला एका बाजूला पट्टी घालावी लागली होती, ते तेव्हा मी परीक्षकांना सांगितलं नव्हतं.

कार्बोरेटर धुतला, तेल भरलं, हँडल मारलं. बऱ्याच वेळाने एकदा ठसका आला, मग दुसरा, आणि मग ते सुरू झालं. ऊन उतरायला लागलं होतं. नितीन भिंतीला टेकून उभा होता आणि बाहीने तोंड पुसत होता. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो नाही. बाहेरूनच हात घालून ॲक्सिलरेटरची तार ओढत राहिलो.

तेवढ्यात तुझ्या समोरच्या घरातून कमलामावशी बाहेर आल्या. तुझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, बाजाराला कायम तुझ्याच गाडीतून जायच्या, हल्ली उंबऱ्याबाहेर फारशा पडत नाहीत. पायात चपला, हातात बाजाराची पिशवी. गल्ली ओलांडून खळ्याच्या फाटकापर्यंत आल्या, आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघून थांबल्या. मग हातातल्या पिशवीकडे बघितलं, जणू ती हातात कशी आली ते त्यांना कळेना.

नितीन पुढे होऊन म्हणाला, मावशी, आई आता नाही ना. त्या म्हणाल्या, "माले माहीत शे रे. आवाज उना म्हनीसन निंघनू."

मी इंजिन बंद केलं. त्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या, गरम लागलं तरी काढला नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "इतला दिन कोठे व्हतं हाई?"

तुझ्या गल्लीत मला हे कुणी आजवर विचारलं नव्हतं. तू कुणाला सांगितलंच नसशील. मोडलंय म्हणून सांगितलं असशील, किंवा पार्ट मिळत नाही म्हणून.

"मन्हाकडे व्हतं, मावशी," मी म्हटलं. "मी लई गयथू."

त्यांनी पिशवीची घडी केली, काखेत धरली आणि सावकाश घराकडे परत गेल्या.